बंद हेडफोन निवडताना: आधी पॅड, मग ग्राफ

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचा हेडफोन घ्यायचा म्हटलं की लोक आधी तीन आकडे बघतात: ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, किती ओहमचा (विजेला त्याचा रोध किती), आणि किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत वाजतो. हेडफोन कानाला कसा लागेल याचा पत्ता या तिन्हींतला एकही आकडा देत नाही. नीट बसवलेला ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर ५० मिलिमीटरच्याला सहज मागे टाकतो. खोक्यावर '५ ते ३५,००० हर्ट्झ' असं छापलेलं असतं, पण दोन्ही टोकांना आवाज किती डेसिबलने पडला आहे हे सांगितलेलं नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. ओहमचा उपयोग आहे, पण वेगळ्या कामाला. त्याकडे पुढे येतो.

बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हर, कप, पॅड आणि तुमचं डोकं मिळून एक पेटी तयार होते. पहिल्या तीन गोष्टी कारखान्यात ठरतात, चौथी तुम्ही घेऊन येता. पेटी हवाबंद झाली तर खालचा बेस येतो, नाही झाली तर येत नाही. इंटरनेटवर दिसणारा सुंदर ग्राफ, म्हणजे कुठला स्वर किती मोठा वाजतो त्याचा आलेख, हा मोजणीच्या यंत्राच्या कृत्रिम कानावर पॅड पक्कं बसलेलं असतानाचा असतो. तो तुमच्या डोक्याला लागू पडेल की नाही, हे तो ग्राफ सांगूच शकत नाही. म्हणून बजेट एकदा ठरलं की माझा क्रम असा: आधी पॅड आणि बसणं, मग स्वरांचा तोल, मग अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) हिशेब आणि शेवटी इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करून, दुरुस्ती. साउंडस्टेज, म्हणजे आवाज किती लांब-रुंद पसरलेला वाटतो ते, या यादीत मी घेतच नाही. बंद कपात तो थोडाच असणार, हे मान्य करूनच दुकानात जावं.

बंदच का हवा?

घरी शांत खोली असेल आणि बाहेर गळणाऱ्या आवाजाचा कुणाला त्रास नसेल, तर ओपन-बॅक घ्या. त्याच पैशात तो जवळपास नेहमीच जास्त मोकळा वाजतो, कारण ड्रायव्हरच्या मागच्या बाजूचा आवाज जाळीतून निघून जातो. बंद कपात तो अडकतो आणि मागच्या भिंतीवर आपटून परत ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्यावर येतो. कपाची खोली ४ सेंटिमीटर धरली तर अर्ध्या तरंगलांबीचा हिशेब ४,३०० हर्ट्झच्या आसपास निघतो. तानपुऱ्याच्या जवारीची चमक आणि शब्दांची धार याच पट्ट्यात असते. हे परावर्तन मारायला कपात फेल्ट, लोकर किंवा फोम भरतात. सेनहायझरने एचडी ८२० मध्ये मागे वक्र काच लावून ते बाजूच्या शोषक कप्प्यांकडे वळवलं, तर डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ च्या स्टेल्थमध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये मेटामटेरियलची, म्हणजे ठरावीक आवाज शोषेल अशा रचनेची, जाळी बसवली. या दोन्ही वाटा लाखाच्या पलीकडच्या. दहा-वीस हजारांच्या हेडफोनमध्ये भरणी किती काळजीने केली आहे एवढाच फरक असतो, आणि तो ऐकूनच कळतो. भरणी फसली की पुरुष गायकाचा आवाज रिकाम्या घागरीत तोंड घालून गायल्यासारखा येतो.

मग बंद हेडफोन घ्यायचा कुणी? हॉलमध्ये टीव्ही चालू असतो, शेजारी कुणी झोपलेलं असतं, ऑफिसात बाजूच्याला आपलं गाणं ऐकवायचं नसतं, किंवा माइकसमोर गाताना ट्रॅकचा आवाज माइकमध्ये जाऊ द्यायचा नसतो, त्यांनी. बाहेरचा आवाज किती अडतो याचे आकडे कंपन्या देतात. एचडी २८० प्रोसाठी सेनहायझर ३२ डेसिबलपर्यंत म्हणते, डीटी ७७० प्रोसाठी बायरडायनॅमिक १८ म्हणते. पण मोजण्याची पद्धत एकच नाही, त्यामुळे एकातून दुसरा वजा करून निष्कर्ष काढू नका. प्रत्यक्षात बोलणं, टीव्हीतले संवाद, भांड्यांचा खणखणाट, पंख्याची सरसर चांगली दबते. एसटीच्या इंजिनाची घरघर, एसीच्या कॉम्प्रेसरचा गुणगुणाट, म्हणजे साधारण २०० हर्ट्झच्या खालचं सगळं, जवळपास तसंच आत येतं. ते काम नॉइझ कॅन्सलिंगचं. रोजचा ऐकण्याचा वेळ प्रवासातच जात असेल तर सरळ ब्लूटूथचा एएनसी हेडफोन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त 'घरी वायर लावून हाय-फाय म्हणून वापरीन' या हिशेबाने घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचा तोल आतल्या प्रोसेसरने सांभाळलेला असतो. वायर लावून बॅटरी बंद केली की तेच हेडफोन मंद आणि फुगीर वाजतात.

पॅड, कान आणि चष्मा

फूटपट्टी घ्या आणि आरशासमोर कान मोजा. वरच्या टोकापासून पाळीपर्यंत उंची किती, आणि डोक्यापासून कान किती बाहेर आलेला आहे. बहुतेक प्रौढांची उंची ६ ते ७ सेंटिमीटर भरते. आता हेडफोनच्या पॅडचं आतलं छिद्र बघा, बाहेरचा घेर नव्हे. छिद्र कानापेक्षा लहान असेल तर पॅड कानाच्या कडेवर बसतं, तासाभरात कूर्चा दुखायला लागते आणि सीलही (पॅड हवाबंद बसणं) नीट होत नाही. खोली कमी असेल तर कान आतल्या कापडाला टेकतो. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्सची मूळ पॅड लहान आणि उथळ आहेत, मोठ्या कानाच्या माणसाने ती घालून बघितल्याशिवाय घेऊ नयेत. डीटी ७७० प्रोची गोल मखमली पॅड या बाबतीत उदार आहेत.

गळतीची ठरलेली जागा म्हणजे कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या हाडामागचा खळगा. तिथे बोट लावून पॅड त्वचेला टेकलंय का ते बघा. नंतर तोंड उघडा, जांभई दिल्यासारखं. बेस एकदम कमी झाला तर ते पॅड तुमच्या जबड्याच्या हालचालीबरोबर उठतंय. कप दोन्ही दिशांना थोडा वळणारा हवा, वर-खालीही आणि मागे-पुढेही. एकाच दिशेला वळणारा कप निमुळत्या चेहऱ्यावर खालच्या बाजूने उघडा राहतो.

चष्म्याची दांडी हा सगळ्यात मोठा शत्रू. बारीक धातूची दांडी मऊ मेमरी फोमच्या पॅडमध्ये बुडून जाते, जाड प्लॅस्टिकची दांडी मात्र पुढून-मागून दोन फटी पाडते. दांडी कानावर किंचित वर उचलून पॅडच्या वरच्या कडेजवळ नेली तर फट लहान होते. मोठी कुडी, झुमके आणि पॅडखाली आलेले केस यांचंही तेच. केस बोटांनी मागे ओढून घेतले नाहीत तर कितीही महाग हेडफोन पातळच वाजणार. चष्मा रोजचा असेल तर हेडफोनची परीक्षा चष्मा लावूनच करा.

सीलची तपासणी दोन मिनिटांची आहे. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, ५० हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध स्वर) मध्यम आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. आवाज थोडा बदलणारच. पण दाबल्यावर बेस एकदम उसळून आला, तर न दाबता तो गळत होता. मग २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळू स्वीप (खालून वर सलग सरकत जाणारा स्वर) चालवा. आवाज डोक्याच्या मधोमध राहायला हवा. ५०-६० च्या आसपास तो एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. आवाज आता विरुद्ध बाजूला सरकत असेल तर दोष हेडफोनचा, बदलून घ्या. त्याच बाजूला सरकत राहिला तर त्या बाजूची फट किंवा तुमचा कान कारणीभूत आहे, आणि बदलून आलेला नगही तसाच वाजेल.

ही तपासणी का महत्त्वाची, याचं चांगलं उदाहरण एकेजी के३७१. पॅड नीट बसलं तर त्याचा आलेख हार्मनच्या टारगेटला (श्रोत्यांच्या सरासरी पसंतीचा आलेख, त्याबद्दल पुढे) इतका जवळ जातो की त्या किमतीत कौतुक करावं, खालचा बेस २०-३० हर्ट्झपर्यंत टिकतो. थोडी फट राहिली की तोच हेडफोन कोरडा, मधल्या स्वरांत ओरडल्यासारखा वाजतो. त्यामुळे त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं वाचायला मिळतात, आणि दोन्ही खरी असतात.

आणखी एक. मखमली पॅड उन्हाळ्यात बरं वाटतं, पण कापडातून हवा जाते, त्यामुळे रेक्झिनसारख्या पॅडपेक्षा सील सैल आणि खालचा बेस कमी. डीटी ७७० चा तोल मखमली पॅड धरूनच बांधलेला आहे. दुसऱ्या कुठल्या हेडफोनला 'आरामासाठी' मखमल चढवली की हेडफोनच बदलतो.

दाब आणि वजन यांचंही बघा. २५० ते ३०० ग्रॅमचा हेडफोन दोन तास डोक्यावर विसरला जातो. ४०० च्या पुढे मान बोलायला लागते, हेडबँड कितीही रुंद असो. एचडी २८० प्रोचा दाब जास्त आहे म्हणूनच तो आवाज चांगला अडवतो. नवा असताना तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवला तर दाब थोडा सैलावतो. गठ्ठा तुमच्या डोक्यापेक्षा फार रुंद नको.

स्वरांचा तोल कसा ऐकायचा

हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास पुष्कळ श्रोत्यांना ऐकवून एक सरासरी पसंतीचा आलेख काढला, पुढे २०१८ मध्ये तो सुधारला. साधारण १०० हर्ट्झच्या खाली बेस काही डेसिबलने वर, मध्य सपाट, ३,००० हर्ट्झच्या आसपास कानाच्या नैसर्गिक उंचवट्याएवढा चढ आणि पुढे हळूहळू उतार. सुरुवात करायला हा चांगला नकाशा आहे. देवाचा शब्द नव्हे. पाश्चात्त्य पॉप-रॉक ऐकणाऱ्याला तो बेस हवाहवासा वाटतो. दिवसभर ख्याल ऐकणाऱ्याला दोन-तीन डेसिबल कमी चालेल.

ऐकून परीक्षा करायला आपल्याकडे उत्तम साधनं आहेत. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा, जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या जवळ. खर्जाचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो, कानाला येतात ते त्याचे वरचे स्वरांश. त्यातला पाचवा म्हणजे स्वयंभू गंधार, ३४६ हर्ट्झच्या आसपास. बंद हेडफोनवर नुसता तानपुरा लावा आणि तो गंधार शोधा. फुगीर बेसचा हेडफोन त्याला १५० ते ३०० च्या गोंगाटात बुडवतो. त्या पट्ट्यात खड्डा असलेला हेडफोन जवारी चकचकीत दाखवतो, पण तानपुऱ्याचं लाकूड नाहीसं करतो. गंधार सहज कानावर आला आणि जवारी तारेच्या टणत्कारासारखी न टोचता फिरत राहिली, तर मधला तोल बरा आहे असं समजा.

डग्गा बेस तपासतो. तळहात घासून काढलेली मींड खालून वर येताना सलग हवी. मध्येच एका जागी ती मोठी झाली तर तिथे कपाचा अनुनाद आहे. डग्ग्याचा घुमारा ठोक्यानंतर रेंगाळत राहिला आणि पुढच्या बोलावर चढला तर बेस जास्त आहे किंवा भरणी कमी आहे. नुसता 'धप्प' ऐकू आला आणि घुमाराच नाही, तर पुन्हा सील तपासा.

वरच्या पट्टीसाठी टाळ आणि घुंगरू. ८ ते १० हजार हर्ट्झच्या आसपास शिखर असलेल्या हेडफोनवर भजनातले टाळ पाच मिनिटांत डोकं उठवतात. बोललेली मराठीही चांगली कसोटी आहे: ओळखीच्या आवाजातलं वाचन लावा, आणि 'स', 'श', 'च' कानात शिट्टीसारखे फुटतायत का ते ऐका. आपल्याकडचं बरंचसं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत जुन्या ध्वनिमुद्रणांतून येतं, त्यात टेपची सरसर आणि माइकची कर्कशता आधीच असते. त्यामुळे तीक्ष्ण ट्रेबलचा (वरच्या स्वरांचा) हेडफोन 'जास्त तपशील दाखवतो' हे कौतुक मी इथे फार मनावर घेत नाही. तो बहुधा टेपच मोठी करून दाखवत असतो.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा करा. एक डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन दर वेळी 'अधिक स्पष्ट' वाटतो. ५०० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला नॉइझ (सलग सरसर) लावून दोन्ही कानाला सारखे वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि मगच गाणं लावा. आणि अदलाबदल दर दहा सेकंदांनी करू नका, एकावर पूर्ण बंदिश ऐका.

काही मॉडेलं, थोडक्यात. सोनी एमडीआर-७५०६ १९९१ पासून चालू आहे, ६३ ओहम, हलका, वरच्या स्वरांकडे झुकलेला. चुका पकडायला छान, रात्री तीन तास ऐकायला नाही. एम५०एक्स बेसला आणि वरच्या टोकाला चढा, मध्य थोडा मागे. चित्रपटसंगीत आणि इलेक्ट्रॉनिकला साजेसा. डीटी ७७० प्रो खाली भरदार, वर तीक्ष्ण, पण आराम आणि मजबुती या दोन बाबतींत त्याला तोड नाही. मेझे ९९ क्लासिक्स अक्रोडाच्या कपांमुळे देखणा, उबदार आणि बेसला सढळ. त्यावर पखवाज सुंदर लागतो, पुरुष गायकाचा खालचा स्वर मात्र जाड होतो. मध्यावर भर हवा असेल, म्हणजे गळा आणि हार्मोनियम हेच मुख्य ऐकणं असेल, तर सेनहायझरचा २०२४ मधला एचडी ६२०एस या सगळ्यांच्या आधी ऐका. लाकूड हवं की प्लॅस्टिक हा वाद सोडून द्या. कपाचा आकार आणि भरणी यांचा परिणाम लाकडाच्या जातीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

ओहम, व्होल्ट आणि डोंगल

'२५० ओहमचा म्हणजे वरच्या दर्जाचा' हा गैरसमज फार चिवट आहे. ओहम फक्त एवढं सांगतात की तेवढ्या आवाजाला व्होल्ट जास्त लागणार की करंट जास्त लागणार. हिशेब सोपा आहे. हेडफोनची संवेदनशीलता डेसिबल प्रति मिलिवॉटमध्ये दिलेली असेल तर त्यात ३० मिळवा, आणि ओहमच्या लॉगॅरिदमची दहापट वजा करा. येतो तो १ व्होल्टला मिळणारा आवाज. डीटी ७७० ला कंपनी ९६ देते. २५० ओहमला उत्तर १०२ येतं, ८० ओहमला १०७. एम५०एक्स ९९ आणि ३८ ओहम, उत्तर ११३.

आता गरज किती ते बघा. सरासरी ७५ डेसिबलला ऐकत असाल तर शास्त्रीय संगीतातली शिखरं त्याच्यावर १५ ते २० जातात, म्हणजे ९५. इक्वलायझरसाठी ६ डेसिबल राखीव ठेवले तर १०१. अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल (फोनच्या पोर्टला हेडफोन जोडणारा छोटा अडॅप्टर) पूर्ण आवाजाला साधारण १ व्होल्ट देतो. २५० ओहमचा डीटी ७७० त्यावर अगदी काठावर बसतो, ८० ओहमचा मोकळा चालतो, आणि एम५०एक्सला त्यातला फार थोडा भाग पुरतो. दोन खाचखळगे आहेत. युरोपात विकला जाणारा तोच डोंगल निम्माच व्होल्टेज देतो, त्यामुळे परदेशातून कुणी आणून देत असेल तर कुठून घेतला ते विचारा. आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर हा डोंगल कमी आवाजावर अडकतो, फोनचा व्हॉल्यूम पूर्ण केला तरी. लॅपटॉपवर असं होत नाही. अँड्रॉइडच असेल तर दुसऱ्या कंपनीचा, स्वतःची आवाजाची बटणं असलेला डोंगल घ्या.

याहून महाग अ‍ॅम्प घेतल्याने बंद हेडफोनचा बेस 'उघडतो' असं सांगतात. व्होल्ट पुरेसे असतील तर उघडायला काही शिल्लक नसतं. बिघडवणारी गोष्ट वेगळी आहे: अ‍ॅम्पच्या आउटपुटचा रोध. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमागे शेकडो ओहमचा रेझिस्टर असतो. समजा १०० ओहमच आहे आणि ३२ ओहमच्या हेडफोनचा रोध बेसच्या अनुनादाजवळ ६० पर्यंत चढतो. हिशेब केला तर त्या पट्ट्यात बेस पावणेचार डेसिबलने फुगतो. वडिलांच्या जुन्या रिसीव्हरवर हेडफोन 'गोड' वाजतो याचं कारण बहुधा हेच.

बंद हेडफोनचा खरा फायदा असा की बाहेरचा गोंगाट दबल्यामुळे कमी आवाजात भागतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तास उरतात.

इक्वलायझर: काय दुरुस्त होतं, काय नाही

विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, दोन्ही पुरेसे. तयार प्रोफाइल लावून सुरुवात करा, पण ८ हजारांच्या वरचे फिल्टर जसेच्या तसे घेऊ नका. तिथली शिखरं प्रत्येकाच्या कानाच्या घडणीवर सरकतात. स्वतः शोधा: ४ ते १२ हजार हर्ट्झचा स्वीप अगदी हळू आवाजात चालवा, जिथे टोचेल तो आकडा लिहून घ्या, तिथे ३ डेसिबलचा अरुंद काप द्या, क्यू (कापाचा अरुंदपणा सांगणारा आकडा) ३ च्या आसपास. मग टाळ ऐका. पुरला नाही तर ५ पर्यंत जा. जेवढी सगळ्यात मोठी वाढ दिली असेल तेवढाच प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅपमधली एकूण आवाजाची पातळी) उणे ठेवा, नाहीतर डिजिटल क्लिपिंग (आवाजाची शिखरं छाटली जाणं) होऊन तबल्याच्या ठोक्यावर कडकड येईल.

फट असताना बेस वाढवून भागवायचा प्रयत्न करू नका. २० हर्ट्झला १० डेसिबल चढवले तरी गळका कप ते दाखवत नाही. पडदा मात्र जास्त हलतो आणि विकृती वाढते. कपातल्या परावर्तनाचंही तसंच, थोडं दबतं, जात नाही.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

परत करायची मुदत संपायच्या आत स्वीप एकदा पूर्ण पट्ट्यावर चालवा, २० ते २०,००० हर्ट्झ. कुठेही खरखर, गुणगुण, एका बाजूला उडी यायला नको. मोनो रेकॉर्डिंग लावा, गायक नाकाच्या रेषेत हवा. हेडबँडचं सरकणं दोन्ही बाजूंना सारख्या खाचा घेतं का बघा. घडी होणारा हेडफोन असेल तर बिजागरीजवळ प्लॅस्टिकला बारीक तडा नाही ना, ते उजेडात धरून बघा. घडीचे हेडफोन मोडतात ते तिथेच. लोकप्रिय मॉडेलांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. किंमत अधिकृत विक्रेत्यापेक्षा निम्मी असेल तर माल बनावट आहे किंवा भारतातली वॉरंटी नसलेला आहे. सीरियल नंबर, भारतातल्या वितरकाचं नाव आणि जीएसटीचं बिल या तिन्ही गोष्टी घेऊनच पैसे द्या.

केबल सुटी होणारी असेल तर आयुष्य वाढतं. एम५०एक्सला २.५ मिलिमीटरची फिरवून अडकणारी पिन लागते, के३७१ ला तीन पिनांची मिनी एक्सएलआर. डीटी ७७० च्या नेहमीच्या प्रो आवृत्त्यांत आणि ७५०६ मध्ये केबल पक्की. तुटली की डाग द्यायला लागतो. ७५०६ ची गुंडाळीची केबल फोनवर जड पडते. ६.३ मिलिमीटरचा जड कन्व्हर्टर डोंगलला लटकवू नका, यूएसबीचं सॉकेट ढिलं होतं. मधे वीतभर मऊ केबलचा कन्व्हर्टर वापरा.

'बर्न-इन'साठी, म्हणजे नवा हेडफोन वाजवून वाजवून सैल करण्यासाठी, शंभर तास नॉइझ वाजवत बसायची गरज नाही. पहिल्या काही आठवड्यांत जो बदल जाणवतो त्यात पॅड मऊ होऊन डोक्यावर बसण्याचा आणि कानाला सवय होण्याचा वाटा मोठा असतो.

पॅडची निगा आपल्या हवेत जास्त लागते. रेक्झिनसारखी पॅड पॉलियुरेथेनची असतात आणि दमट हवेत ते रसायन हळूहळू फुटतं. मुंबई, कोकण, गोव्यात दोन-तीन पावसाळ्यांत काळे कपचे कानाला चिकटायला लागतात. त्यात खोबरेल तेलाची भर पडली तर आणखी लवकर. ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा. बदलताना शक्यतो कंपनीचीच पॅड घ्या. बाहेरचं पॅड दोन-तीन मिलिमीटर जाड असलं तरी कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर बदलतं, आणि ३ ते ८ हजार हर्ट्झचा सगळा नकाशा हलतो.

कधीतरी बेसच्या ठोक्याबरोबर एका कानात बारीक फरफर ऐकू येते, आणि लोक ड्रायव्हर फाटला असं समजून हेडफोन सर्व्हिसला पाठवतात. बहुतेक वेळा तो केस असतो: डोक्यावरचा गळलेला केस आतल्या कापडातून शिरून पडद्याला टेकतो. पॅड कडेने हळू सोडवा, खालची फोमची चकती उचला, टॉर्चचा उजेड तिरपा पाडा म्हणजे केस चमकतो. बोथट चिमट्याने बाहेरच्या टोकाला धरून सरळ ओढा, पडद्याला टोक लागता कामा नये. तोंडाने जोरात फुंकू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका, पातळ पडदा एका झटक्यात चेमटतो. मग ५० हर्ट्झचा टोन लावून फरफर गेली का ते ऐका. परत बसवताना पॅडची ओठासारखी कड एका जागी खाचेत अडकवा आणि अंगठ्याने गोल फिरत पुढे सरकवत न्या. फोमची चकती आत ठेवायला विसरलात तर ट्रेबल एकदम चढलेला वाटेल.